गरी टाकून बसलेल्या माणसाला काय मिळतं?

आमच्या मालवणकडे मासेमारी आणि गरवणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मासेमारीला होडी लागते, जाळं लागतं, डिझेल लागतं, आणि तिच्यावर घर चालतं. गरवायला माणूस एकटाही निघतो. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस (नायलॉनचा दोरा), दोन-चार गऱ्या, शिशाचा तुकडा आणि आमिषाला मूठभर सुंगटं, म्हणजे बारीक कोलंबी, एवढ्यावर भागतं. घाटावर यालाच गळ टाकणं म्हणतात. चार तासांनी माणूस परत येतो तेव्हा पिशवीत कधी दोन काळुंदर असतात, कधी एखादी शेंगटी, आणि कित्येकदा उरलेली सुंगटंच. दुसऱ्या दिवशी पाणी भरायच्या वेळेला तो पुन्हा खाडीवर हजर.

घरच्यांना याचं कोडं पडतं. एवढ्या वेळात बाजारातून चांगली सुरमई आली असती, हे मी किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. गरवणाऱ्याला विचारावं तर तो "बरं वाटतं" याच्यापुढे जात नाही. मला हे उत्तर खरं वाटायचं, पण अपुरंही वाटायचं. म्हणून गेली काही वर्षं या "बरं वाटतं"च्या पोटात काय काय आहे ते शोधतोय, थोडं खाडीवर बसून आणि थोडं वाचून. मेंदूचा, मनाचा आणि माशांचा अभ्यास करणाऱ्यांनी यातल्या बऱ्याच धाग्यांवर काम केलेलं आहे. त्यातलं सगळं काही गरीसाठी केलेलं नव्हतं, तरी कालावलच्या खाडीवर बसून वाचलं की ते आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटत राहतं.

बोटावरची तंगूस

सुरुवात हातापासून करतो, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

आमच्याकडचे जुने लोक काठी वापरत नाहीत, तंगूस हातातच धरतात. शिसं तळाला टेकलं की ढिली तंगूस गोळा करून घ्यायची आणि तर्जनीच्या पहिल्या पेरावरून जाऊ द्यायची. अंगठा वरून नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. इथे डोळ्यांचं काम संपतं. खाडीचं पाणी गढूळ, हातभर खालचंही दिसत नाही. पुढचं सगळं बोटाला कळायचं.

आणि बोटाला खूप कळतं. पाणी वाहत असतं तेव्हा तंगूस बारीक थरथरत असते, ती थरथर पाच मिनिटांत ओळखीची होते आणि मग तिच्यातला फरक तेवढा जाणवतो. कुर्ली, म्हणजे खेकडा, आली तर तंगूस हळूहळू जड होते, तळाशी कुणी ओलं फडकं ओढत न्यावं तशी, आणि मधेच हलकी होते. काळुंदराचं तोंड लहान, तो आमिष कुरतडतो. बोटावर नखानं टिचक्या माराव्यात तसं वाटतं. शेंगटी दोन हिसके देते आणि गरी थेट गिळूनच टाकते, मग ती सोडवताना तिच्या काट्यांपासून हात सांभाळायचा. तांबोशीचं सगळ्यांत निराळं. आधी काहीच नाही, आणि मग एकदम हातच पुढे खेचला जातो, कारण आमिष उचलल्याबरोबर ती खडकाच्या कपारीकडे वळते. माझ्या तर्जनीवर एक आडवा पांढरा व्रण आहे, तो अशाच एका तांबोशीचा. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. घाबरून मूठ आवळली, तंगूस पेरात रुतली आणि तुटली. शेजारी काका होते. रक्त बघून त्यांनी आधी रुमाल बांधला, मग म्हणाले, "झिला, हात ढिलो सोडूचो होतो."

बोटाला एवढं कळतं याचं कारण कातडीखाली आहे. तिथे कंपनं टिपणाऱ्या सूक्ष्म रचना असतात. त्यातल्या एका प्रकाराला पॅसिनियन कॉर्पसल म्हणतात. सेकंदाला दोन-तीनशे वेळा होणारी बारीक थरथर त्यांना सगळ्यांत चांगली कळते, आणि केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान हालचालही त्यांच्यातून सुटत नाही. दुसऱ्या प्रकाराला, मीस्नर कॉर्पसलला, जरा सावकाश हलणारं, फडफडणारं जे असेल ते कळतं. बोटांच्या टोकांत यांची दाटी असते. दिवसभर आपण त्यांच्याकडून मोबाइलच्या काचेवर सरकण्यापलीकडे फारसं काही करून घेत नाही.

तंगुसीच्या दुसऱ्या टोकालाही असाच कारभार आहे. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते. मासा साफ करताना सगळ्यांनी ती पाहिलेली असते. ती पार्श्वरेषा. तिच्यातल्या छिद्रांच्या आत केसपेशी असतात, आपल्या कानाच्या आतल्या भागात असतात त्याच जातीच्या. पाण्यातली हालचाल मासा त्यांनी ओळखतो. गढूळ पाण्यात, काळोख्या रात्रीसुद्धा. धक्क्यावर पाय आपटत चालू नये असं जुनी माणसं सांगतात ते यासाठीच. मला हे वाचून कळलं त्या दिवशी खाडीवर बसल्यावर फार वेगळं वाटलं. न दिसणाऱ्या पाण्यात एक जीव थरथरीवरून माझा अंदाज घेतोय आणि मी थरथरीवरून त्याचा. गरवायला जाण्याचं पहिलं कारण मला विचाराल तर मी हेच सांगेन: एरवी बंद असलेल्या एका जगाला बोट लावता येतं.

वाट बघताना डोक्यात काय चालतं

लोकांना वाटतं की मासा लागला की आनंद होतो आणि त्याआधीचे तीन तास सहन करायचे असतात. ज्यांनी गरवलंय त्यांना माहीत आहे की ते तीन तासच हवेसे असतात. याला मेंदूत काही आधार आहे का? आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन आहे. त्याला सरसकट आनंदाचं रसायन म्हटलं जातं, पण ते तितकंसं बरोबर नाही. अपेक्षा, उत्सुकता, "आता काहीतरी होणार" या भावनेशी त्याचा संबंध जास्त जवळचा आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली माकडांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माकडाला एक चित्र दाखवायचं आणि दोनेक सेकंदांनी रसाचा थेंब द्यायचा. काही चित्रांनंतर रस हमखास मिळे, काहींनंतर कधीच मिळत नसे, आणि काहींनंतर कधी मिळे, कधी नाही. चित्र दिसणं आणि रस येण्याची वेळ यांच्या मधल्या काळात डोपामाइनच्या पेशी काय करतात हे त्यांनी मोजलं. रस हमखास मिळणार असेल तेव्हा त्या काळात पेशी शांत. मिळणारच नसेल तेव्हाही शांत. मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल तेव्हा मात्र त्यांची हालचाल वाढत वाढत जाई, आणि ती वाढ सर्वांत जास्त होती.

म्हणजे अनिश्चितता टोकाला असते तेव्हा वाट बघणं सर्वांत जिवंत असतं. माकडाचे दोन सेकंद आणि माणसाचे तीन तास एकच आहेत असा दावा कुणी केलेला नाही आणि मीही करत नाही. पण गरी पाण्यात असतानाची ती धुगधुग, आणि गरी वर काढली की ती एकदम विझणं, हे याच्याशी फार जुळतं. गरी पाण्याबाहेर असलेला माणूस खाडीवर जरा हरवल्यासारखाच दिसतो, आणि आमिष लावून ती पुन्हा टाकली की स्थिरावतो.

इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. मग हा जुगारच झाला की. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की बटणाला चोच मारल्याबद्दलचं बक्षीस दर ठरावीक टोचींनंतर देण्याऐवजी कधी पाचव्या, कधी पन्नासाव्या टोचीला दिलं, तर कबुतर थांबतच नाही, टोचत राहतं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. गरवण्यात हा अंश आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. "आता शेवटची टाकतो" म्हणून मी दहा-दहा वेळा टाकलेली आहे. फरक एवढाच, आणि माझ्या लेखी तो फार मोठा आहे, की जुगाराच्या यंत्रापुढे वीस वर्षं बसलं तरी त्याची चाल कळत नाही. खाडी वीस वर्षांत बरंच काही शिकवते.

भरतीचंच घ्या. काकांनी मला तिथीवरून भरती काढायला शिकवली. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. एकादशीला सव्वाआठला. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. मोठं झाल्यावर मी त्याचं कारण शोधलं. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्या मागोमाग तेवढीच सरकते. अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडची भरती बाराच्या आसपास असते, तिथून प्रत्येक तिथीला पाऊण तास धरला की उत्तर आलं. बंदरागणिक थोडाफार फरक पडतो, पण खिशात तक्ता नसताना हा हिशेब पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांगाचं पाणी, संथ. उधाणात आमच्या धक्क्यावर शिसं तळाला टिकतच नाही, जड शिसं लावावं लागतं. भांगाला हलक्या शिशावर काळुंदर चांगला मिळतो.

चंद्र आपल्या हातातल्या शिशाचं वजन ठरवतो, हे एकदा कळलं की माणूस तिथल्या तिथे राहत नाही. अमेरिकेत हॉब्सन ब्रायन यांनी ट्राउट मासे पकडणाऱ्या हौशी लोकांचा अभ्यास करून १९७७ साली एक मांडणी केली. माणूस सुरुवातीला काहीही लागलं तरी खूश असतो. मग त्याला जास्त मासे हवे असतात. मग एका विशिष्ट पद्धतीनं मासा पकडण्यात रस वाटू लागतो, आणि शेवटी ठरावीक पाणी, ठरावीक मासा, ठरावीक पद्धत. माशांच्या संख्येला महत्त्व उरत नाही. हे वाचताना मला काकाच दिसत होते. शेवटच्या आठ-दहा वर्षांत ते एकाच खडकावर जायचे, एकच गरी लावायचे, आणि त्यांना फक्त तांबोशी हवी असायची. शेंगटी लागली तर सोडवून पाण्यात. आठवड्यातून एक तांबोशी मिळाली तरी चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते शेजारी टोपलीभर मासे घेऊन बसलेल्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलं नाही.

एकटं बसणं, सोबत बसणं

डोकं शांत होतं, असं सगळेच म्हणतात. त्याचंही स्पष्टीकरण आहे. रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९८०च्या दशकात लक्षाच्या थकव्याबद्दल एक सिद्धांत मांडला. कार्यालयातलं काम, रहदारी, परीक्षा, यात आपण लक्ष ओढून एका जागी बांधून ठेवतो. बाकीचं सगळं दूर सारायला मेंदूला जोर लावावा लागतो आणि ती ताकद दमते. उलट वाहतं पाणी, पानांची सळसळ, ढग यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, आणि ते इतकं हलकं असतं की मागे विचारांनाही जागा राहते. त्या वेळात दमलेलं लक्ष सावरतं. गरवणं यात एक भर घालतं असं मला वाटतं. नुसतं खाडीकाठी बसायला सांगितलं तर दहा मिनिटांत आपला हात मोबाइलकडे जातो. हातात तंगूस असली की हात गुंतलेला असतो, बोट कामावर असतं आणि डोळे मोकळे राहतात. बोयटं उड्या मारताना दिसतात, खंड्या सूर मारतो, समोरच्या कांदळवनात पाणी मुळांच्या किती वर आलं ते दिसतं.

आणखी एक कारण आहे जे कुणी उघड सांगत नाही: तिथे बोलता येतं. माझे काका घरात फार कमी बोलायचे. जेवताना "आमटी वाढ" इतकंच. खाडीवर आम्ही शेजारी शेजारी बसायचो, दोघांची तोंडं पाण्याकडे, आणि तास-दीड तासानं ते आपोआप बोलू लागायचे. गिरणीतली नोकरी सुटली तेव्हा मुंबईहून गावी परत येताना काय वाटलं, हे त्यांनी मला तिथे सांगितलं. काकूला कधी सांगितलं नव्हतं. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत असं बोलणं आपल्याकडच्या कित्येक पुरुषांना जमत नाही. शेजारी बसून, मधे शांतता चालणार असेल आणि हाताला काहीतरी काम असेल तर जमतं. धक्क्यावर येणारे निवृत्त लोक, कुणी एसटीतून निवृत्त झालेले, कुणी शाळेतून, त्यातले अर्धे मला वाटतं त्यासाठीच येतात.

बायकांचं मात्र कुणी शौक म्हणून मोजत नाही. ओहोटीला खाडी सुकली की आमच्या वाडीतल्या बायका कोयती घेऊन कालवं फोडायला, मुळे म्हणजे शिंपले काढायला जातात. त्यांना विचारलं तर त्या सांगतात, कालवणाला होतात म्हणून. पण गुडघाभर चिखलातून परत येताना त्यांचं हसणं दूरवर ऐकू येतं. तीन तास घरातलं कुणी हाक मारत नाही, सोबतीला बरोबरीच्या बायका असतात, आणि हातात स्वतः मिळवलेलं काहीतरी असतं. हेही गरवण्याइतकंच खरं "बरं वाटतं" आहे, आणि ते तसं मोजलं जावं असं मला मनापासून वाटतं.

मासा नाही मिळाला तरी चालतं, हे खरं का?

गरवणारे हे हमखास म्हणतात. जर्मनीतले मत्स्यशास्त्रज्ञ रॉबर्ट आर्लिंगहाउस यांनी २००६ साली तिथल्या हौशी मासे पकडणाऱ्यांचा अभ्यास करून याची उलटतपासणी केली. लोक कारणं सांगताना निसर्ग, शांतता, विरंगुळा यांना वर ठेवत होते. पण समाधानी आहात का असं विचारल्यावर त्यांचं समाधान मासे मिळण्याशी बरंच बांधलेलं निघालं. मला हे पटतं. शांतता रोज मिळते, म्हणून तिची कमतरता जाणवत नाही. मासा रोज मिळत नाही. आणि मासा कधीच मिळणार नसेल तर कुणीही गरी घेऊन बसणार नाही. मासा लागेल ही शक्यता तिथे असावी लागते, तिच्या भोवतीच बाकी सगळं जमतं.

म्हणून मासा टिकणं ही गरवणाऱ्याच्या स्वतःच्या गरजेची गोष्ट आहे. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाला ओढ्यांतून, शेतांतून वर चढणाऱ्या माशांमागे आपण बॅटऱ्या घेऊन धावतो. रायगड-ठाण्याकडे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात, आमच्याकडे चढणीचे. त्या रात्रींची मजा मी लहानपणी भरपूर घेतली आहे आणि ती विसरता येणार नाही. पण ते मासे अंडी घालायला चढत असतात. एका रात्रीत ओढा रिकामा केला की पुढच्या वर्षी काय राहणार? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते तीही याच विचारानं. ओढ्यावर पहारा ठेवायला कुणी येत नाही, तिथे आपणच हात आवरायचा.

माशाला दुखतं का, हेही टाळून चालणार नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची नोंद केली. त्याला वेदना म्हणावं का यावर वाद चालू आहे. मी माझ्यापुरतं ठरवलंय: खायचा असेल तो मासा लगेच मारायचा, पिशवीत तडफडत ठेवायचा नाही. वीतभरापेक्षा लहान असेल तर सोडायचा, आणि सोडताना हात आधी ओला करायचा, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगापासून वाचवतो. गरीचा उलटा काटा चिमट्यानं दाबून टाकला तर ती सहज निघते. एखादा मासा त्यामुळे सुटतो. सुटू दे. गोड्या पाण्यातल्या महाशीरच्या मागे असणारे बहुतेक शौकीन आता मासा परतच सोडतात, आणि लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटा पॉवरच्या केंद्रात महाशीरची पिल्लं १९७०च्या दशकापासून वाढवली जात आहेत. आमच्या खाडीतल्या तांबोशीसाठी असं कुणी काही करताना मी पाहिलेलं नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत आपल्या हातांवरच सगळं आहे.

काकांचा तो खडक आता मी वापरतो. पाणी पूर्ण भरायच्या आधीचे दोन तास तिथे चांगले असतात. गेल्या वेळी एक तांबोशी लागली होती, कपारीपर्यंत गेली, आणि मी हात ढिला सोडला. तीन-चार मिनिटं दिली तिला. मग ती आपणहून वळली.

परवा षष्ठी आहे. साडेचारला भरती, म्हणजे दोनला निघायला हवं. सुंगटं सांगून ठेवली आहेत.